बटण हलवण्यापूर्वी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृतींवर आणि विणकामावर बोलणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. मला मात्र चिटणीसबाईंनी विजेच्या बटणावर बोलायला सांगितले. गेल्या दिवाळीआधी आमच्या घरी बटणाचे काम निघाले, तेव्हा मी वायरमनला इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "काकू, आता परवान्याच्या परीक्षेला तुम्हीच बसा!" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जेवढे कळले तेवढेच सांगते.

आमच्या सासूबाईंना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. दिव्याचे बटण दाराजवळ आणि त्यांची खाट पलीकडच्या भिंतीला. पंचाहत्तरीच्या बाईने अंधारात चाचपडत एवढी खोली ओलांडायची, ह्याची मला रोज धास्ती वाटे. म्हणून बटण खाटेजवळ आणायचे ठरले. घरातल्यांच्या मते काम अर्ध्या तासाचे. इकडचे चार स्क्रू काढायचे नि तिकडे लावायचे!

पण आधी बटण म्हणजे काय ते पाहू. दिव्याला दोन तारा लागतात. वीज आणणारी ती फेज आणि परत नेणारी ती न्यूट्रल. बटण हे फेजच्या वाटेवरचे फाटक. फेज बटणात शिरते आणि दुसऱ्या बाजूने दिव्याकडे जाते. न्यूट्रल बटणाकडे फिरकतही नाही, ती थेट दिव्याला जाते. बटण उघडले की दोन तारा दिसतात, आणि आपल्याला वाटते, ही फेज, ही न्यूट्रल. तसे नसते. त्या दोन्ही फेजच्याच वाटेचे दोन तुकडे असतात. दोन्ही भिंतीतून नव्या जागी न्यायच्या, एवढेच बटण हलवणे. त्यांतली एक न्यूट्रल समजून कोणी दुसऱ्या न्यूट्रलला जोडली, तर बटण दाबताक्षणी फ्यूज उडेल.

आता आमच्या घरचे ऐका. वायरमनने बटण बंद केले, बल्ब काढला आणि होल्डरच्या आत टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. बटण बंद आणि होल्डरमध्ये २३० व्होल्ट! आमच्याही आधी कोणी तरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवून ठेवले होते. मोरीला बोळा कोंबला की पाणी वाहायचे थांबते, पण मोरी भरलेलीच राहते ना? तसेच ते. दिवा विझतो, पण वीज होल्डरपर्यंत येऊन उभी असते. त्या होल्डरभोवतीची जळमटे बारा वर्षे मीच काढीत आले आहे, स्टुलावर चढून, हातात ओले फडके घेऊन. त्या रात्री मला झोप आली नाही. बटण फेजवरच हवे, हे १९५६ सालच्या वीज नियमांतही होते, असे वायरमनने सांगितले. नियम असून काय उपयोग, भिंतीच्या आत कोण पाहतो?

तारेच्या रंगावर विसंबू नये. लाल, पिवळी किंवा निळी फेजची, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, असा रिवाज आहे. आमच्याकडे मात्र दोन्ही लालच निघाल्या. जुन्या घरात हाताशी असेल ती तार ओढलेली असते. खरे-खोटे टेस्टरच सांगतो, पण तोही आधी चालू प्लगवर लावून पाहावा. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो पेटणार नाही, आणि आपण निर्धास्तपणे तारेला हात घालू. मेन बंद केल्यावरही तारेला टेस्टर लावल्याशिवाय आमचा वायरमन हात लावीत नाही.

आणखी एक गंमत. बोर्डावर फेज एका बटणाला येते आणि तिथून छोट्या तुकड्याने शेजारच्या बटणाला जाते. दिव्याचे बटण काढले आणि तो तुकडा जोडायचा राहिला, तर पंखा बंद! मग बिचाऱ्या पंख्याला दोष. म्हणून काढण्याआधी कोणती तार कुठे आहे ते कागदावर काढून ठेवावे. आणि तारेला सांधा देऊन वर प्लास्टर करू देऊ नये. सांधा उघडता येईल अशा डबीत हवा, नाही तर अखंड तारच ओढायची.

शेवटी आमचे बटण हलवलेच नाही. वायरमन म्हणाला, "जिन्याला असतात तशी दोन बटणे बसवू." ह्या बटणांना दोनऐवजी तीन टोके असतात आणि दोन्ही बटणांच्या मध्ये दोन तारा जातात. एक दाराशी, एक खाटेशी. कुठूनही लावा, कुठूनही विझवा. आधी अर्थातच दिव्याची फेज आणि न्यूट्रल सरळ करून घेतली.

भगिनींनो, हे काम स्वतः करा असे मी म्हणत नाही. ते परवाना असलेल्या वायरमनचेच आहे. पण तो आला की दुपारच्या चहाच्या निमित्ताने जवळ उभ्या राहा, आणि बटण बंद करून, बल्ब काढून होल्डरला टेस्टर लावून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे. आमच्याकडे काढलेला तारांचा नकाशा मी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी केव्हाही यावे.