क्रीटचं ताट



प्रवासावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं, म्हणून ग्रीसच्या सर्वांत मोठ्या बेटाबद्दल, क्रीटबद्दल बोलते.

मी गेले ती समुद्रासाठी. नैर्ऋत्य टोकाला एलाफोनिसीचा किनारा आहे. पाणी गुडघाभर, नितळ. वाळूत शिंपल्यांचा बारीक चुरा मिसळल्यामुळे तिच्यावर गुलाबी झाक. ती वाळू मूठभरही घरी न्यायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

पण जास्त लक्षात राहिलं ते जेवण. तिथे 'डाकोस' मिळतो. जवाचा दोनदा भाजलेला कडक पाव पाण्याचा हबका मारून जरा मऊ करतात. वर किसलेला टोमॅटो, ताजं चीज आणि ऑलिव्हचं तेल. दोनदा का भाजायचा? एकदा भट्टी पेटवली की पाव कित्येक आठवडे टिकावा, सरपण वाचावं म्हणून. मेंढपाळ तोच पाव झोळीत टाकून डोंगरात जायचे. सोबत रानातल्या उकडलेल्या पालेभाज्या, वर तेल आणि लिंबू. सॅलडमध्ये तर चक्क आपली घोळ!

अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांत हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला. क्रीटच्या पुरुषांमध्ये या विकाराचे मृत्यू फारच कमी आढळले आणि हे जेवण जगभर गाजलं. पण त्याआधी, 1948 मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनने तिथे पाहणी केली होती. महायुद्धात होरपळलेल्या त्या लोकांना विचारलं, जेवणात आणखी काय हवं? अनेकांचं उत्तर होतं, मांस!

जगाने ज्याला आदर्श आहार म्हटलं, ते त्यांचं नाइलाजाचं ताट होतं. शिवाय ते खाणारे दिवसभर शेतात राबत होते, डोंगर चढत होते. नुसतं ऑलिव्हचं तेल विकत आणून ते आरोग्य मिळणार नाही.

आपल्या वर्गातही भाकरीचा डबा झाकून खाणारी मुलं होती. आज तीच नाचणीची भाकरी डॉक्टर आपल्याला लिहून देतात आणि हॉटेलं महाग विकतात. आपण ती जरूर खाऊ. पण ज्यांच्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतं, त्यांच्यासमोर तिचं फार कौतुक करताना जरा जपू या.

क्रीटला जाणार असाल, तर ऑगस्टची गर्दी टाळून सप्टेंबरात जा.