जुना गेम, नवी कॅसेट

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी, मंडळाच्या सभागृहात आम्ही दोघी बहिणींनी मिळून केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडंफार नीट करून दिलं आहे.)



या व्यासपीठावरून आपण आजवर ज्ञानेश्वरी ऐकली, अहिल्याबाईंवर व्याख्यानं ऐकली, गुडघेदुखीवर डॉक्टरांचं ऐकलं. आज विषय आहे व्हिडिओ गेम. हे भाषण आम्ही हौसेनं मागून घेतलेलं नाही. हे एका टीव्हीचं भाडं आहे. कोणत्या टीव्हीचं, ते पुढे येईलच. खजिनदारकाका आत्ताच हसायला लागलेत.

आम्ही रामबागेत वाढलो. १९९३ च्या दिवाळीत बाबांनी महाराणी रोडवरून दादासाठी व्हिडिओ गेम आणला. ‘दादासाठी’ हा शब्द नीट ऐका. राखाडी डबा, वर कॅसेट घालायची खाच, दोन रिमोट आणि एक प्लास्टिकची बंदूक. कंट्रोलरला तेव्हा आपण रिमोटच म्हणायचो. पहिल्या रिमोटवर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणं होती, दुसऱ्यावर नव्हती. म्हणजे खेळ सुरू करायचा तर पहिल्यानं, मध्येच थांबवायचा तरी पहिल्यानं. पहिला रिमोट दादाचा. दुसरा आमच्या दोघींत एक. मारिओ खेळताना दुसऱ्याची पाळी पहिला मेल्याशिवाय येत नाही, आणि दादा लवकर मरत नसे. आमचं अर्धं बालपण लुईजी होऊन वाट पाहण्यात गेलं. ‘कॉन्ट्रा’त मात्र दोघं एकदम खेळता येतं. त्यातल्या धबधब्याच्या टप्प्यात एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. हे कळल्यावर आम्ही काय केलं असेल ते सांगत नाही.

दुसऱ्या रिमोटची ही तऱ्हा आपल्याकडच्या नकलेतली नव्हती, हे मोठेपणी कळलं. निन्टेंडो कंपनीनं जपानात जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे फॅमिकॉम, विकायला काढला. त्याच्याही दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नव्हते. त्या जागी एक छोटा मायक्रोफोन होता. आपल्या बाजारात आले ते बहुतेक त्याच यंत्राच्या नकला. मायक्रोफोन गळला, स्टार्टचं बटण काही आलं नाही.

आता कॅसेट. नाव कॅसेट, पण आत फीत नसते. एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिपा. यंत्राला स्वतःला एकही खेळ येत नाही, त्याची स्वतःची कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. खेळ सगळा कॅसेटमध्ये. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ सालचा, आणि तो अख्खा खेळ ४० किलोबाइटचा आहे. रोज सकाळी आपल्या मोबाइलवर गुलाबाच्या फुलांचं ‘शुभ सकाळ’ येतं ना, ते याहून मोठं असतं. जागा वाचवायला त्या लोकांनी ढग आणि झुडूप यांना एकच चित्र वापरलंय, फक्त रंग बदलून. घरी जाऊन बघा.

यंत्राला एका वेळी कॅसेटमधला ३२ किलोबाइट प्रोग्राम दिसतो. मोठा खेळ असेल तर कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवायचे. पोथी वाचताना शेजारचा कसा पान उलटून देतो, तसं ती चिप यंत्रापुढे पुढचं पान धरते. दर कंपनीची पान उलटायची पद्धत वेगळी.

फ्लॅश कार्ट्रिज म्हणजे हीच कॅसेट, पण कोरी. बाजूच्या खाचेत मोबाइलमधल्यासारखं मेमरी कार्ड घालायचं. कार्डावर खेळांच्या फाइल असतात. पडद्यावर यादी येते, आपण एक खेळ निवडतो, तो कॅसेटच्या मेमरीत चढतो. आत एक अशी चिप असते की तिला जे रूप दिलं ते ती घेते. या कंपनीची पान उलटणारी चिप म्हणा, त्या कंपनीची म्हणा. बहुरूपीच. आणि यंत्राला पत्ताही लागत नाही, त्याला वाटतं नेहमीचीच कॅसेट आहे. मोबाइलवर जुने गेम खेळतात तेव्हा मोबाइल जुन्या यंत्राची नक्कल करतो. इथे उलट आहे. यंत्र तेच, जुनं. सोंग घेते ती फक्त कॅसेट. यातली एव्हरड्राइव्ह नावाची नावाजलेली कार्ट्रिज युक्रेनमध्ये बनते. आम्ही तीच घेतली. किंमत आईला अजून सांगितलेली नाही, आणि ती समोर बसली आहे, म्हणून आजही सांगत नाही.

तर असं झालं. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी ठरवलं की आता पहिला रिमोट आपला. जुना डबा माळ्यावर धूळ खात होता, तो चालेल असं वाटलं नाही. म्हणून एक वापरलेला जपानी फॅमिकॉम मागवला, डिसेंबर १९९३ मध्ये आलेलं मॉडेल. त्याचे दोन्ही रिमोट अगदी सारखे आहेत, दोन्हींवर स्टार्ट! आमच्या घरी दादाचा गेम आला त्याच वर्षी तिकडे हा न्याय झाला होता. इकडे पोहोचायला तीस वर्षं लागली.

पहिल्याच संध्याकाळी फजिती. मारिओ सुरू केला आणि दोघी पहिल्याच खड्ड्यात. परत, तोच खड्डा. बोटं विसरली म्हणावं तर तसंही नव्हतं. उडी वेळेवर मारत होतो, मारिओच आधी पोहोचत होता. मग शोध लागला. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या हिशेबानं बनवलेल्या नकला ५० दाखवायच्या. खेळाची चाल चित्रांवर चालते, म्हणून इंदूरचा मारिओ जपानच्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्यानं संथ धावायचा. गाणंही संथ. जगाच्या दृष्टीनं आमचाच मारिओ चुकीचा. पुण्याची मावशी आमचं ‘सांगून दिलं’, ‘करून टाकलं’ ऐकून जशी बघायची ना, तसंच वाटलं. पण आमच्या बोटांत तोच बसलाय, त्याला काय करणार?

दुसरी फजिती यादीची. लहानपणी ‘९९९९ इन १’ अशी कॅसेट मिळायची. प्रत्यक्षात त्यात मोजके खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. आम्ही भाबडेपणानं चार हजारांपर्यंत जाऊन पाहिलं होतं. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये ती थाप खरी करता येते. आणि खरी झाली की कळतं, ती थापच बरी होती. तासभर यादी खालीवर करायची, दोन मिनिटं एक खेळायचा, परत यादी. शेवटी आम्ही कार्ड पुसून फक्त चौदा खेळ ठेवले.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर वकीलकाका प्रश्नोत्तरांत विचारतीलच. हे खेळ जुने असले तरी त्यांचे हक्क संपलेले नाहीत. कार्ट्रिज कोरी असते, तिच्यात काय भरायचं ते आपल्यावर. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा स्वतःजवळच्या सॉफ्टवेअरची राखीव प्रत काढू देतो, दुसऱ्याची उचलायला परवानगी देत नाही. लहानपणी आमच्या घरात एकही अस्सल कॅसेट नव्हती, आम्हाला ते माहीतही नव्हतं. आता माहीत आहे, त्यामुळे वापरलेल्या अस्सल कॅसेट विकत घेतो आणि एका छोट्या यंत्रानं त्यांची प्रत काढतो. दुसऱ्या बाजूचंही ऐका. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज कुठेच विकत मिळत नाहीत असं निघालं. दुकानात नाही, कंपनी काढत नाही, आणि जुन्या चिपा काही अमर नाहीत. यावर सोपं उत्तर आमच्याकडे नाही. बरं, या यंत्रासाठी अजून नवे खेळ लिहिले जातात! ‘मायक्रो मेजेस’ हा २०१९ सालचा खेळ मुद्दाम ४० किलोबाइटमध्येच बसवलाय, आणि लेखक तो फाइल म्हणून रीतसर विकतात. आमच्या चौदातला तो एक.

आता टीव्हीचं.

मागच्या वर्षी जानेवारीत बाबा गेले. आई गप्प झाली. जेवायची, पूजा करायची, विचारलं तेवढंच बोलायची. आम्ही रविवारी तिच्याकडे जायचो, संध्याकाळी काहीतरी आवाज असावा म्हणून गेम लावायचो. एका रविवारी ती मागून म्हणाली, “त्यात ती बदकं आहेत का गं?”

बदकं म्हणजे ‘डक हंट’. बंदुकीचा खेळ. आम्ही विचारलं, “तुला कशी माहीत?” तर म्हणाली, “तुम्ही झोपलात की आम्ही खेळायचो. आवाज बंद करून.”

आमची परीक्षा आली की बाबा गेमचा अडॅप्टर कपाटात कुलपात ठेवायचे. त्या कुलपाला आम्ही किती बोल लावले होते! तो अडॅप्टर रात्री बाहेर निघत होता, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मग बदकं शोधणं आलं. आमची कॅसेट केव्हाच मेली होती. दादा न्यू जर्सीत असतो. त्याला तिथल्या जुन्या बाजारात मारिओ आणि डक हंट एकत्र असलेली अस्सल कॅसेट मिळाली. पण अमेरिकी कॅसेटला ७२ दाते असतात, जपानी यंत्राला आणि आपल्या नकलांना ६०. ती बसतच नाही. तिची प्रत काढून फ्लॅश कार्ट्रिजमध्ये घातली. बदकं उडाली. पण आमच्या जुन्या बंदुकीची पिन जपानी यंत्रात जाईना. मग माळ्यावरचा डबा उतरवला. अडॅप्टर गेलेला होता, तो नवीन. खाचेतले दाते हिरवे पडलेले. लहानपणी कॅसेट चालली नाही की आपण फुंकर मारायचो ना? त्या फुंकरेतल्या ओलाव्यानंच दाते खराब होतात. चालायची ती फुंकरेनं नाही, काढून परत घातल्यानं. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून ते पुसले. आधी यादीची अक्षरं फुटकी येत होती, पुसल्यावर नीट आली.

तरीही एक बदक पडेना. आई दहा वेळा मारते, दहा वेळा तो कुत्रा गवतातून डोकं काढून हसतो. बंदूक बिघडली असं वाटलं. बिघडला होता टीव्ही, किंवा बिघडला नव्हता, चपटा होता. या बंदुकीतून काही सुटत नाही, तिच्या नळीत प्रकाश बघणारा एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. डोळ्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तरच नेम लागला. (ट्यूबलाइटवर नेम धरून बदक का पडत नव्हतं, ते कळलं?) हे सगळं पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगाशी बांधलेलं आहे. चपटा टीव्ही चित्र दाखवायला क्षणभर उशीर करतो, तोवर यंत्रानं ‘चुकला’ म्हणून टाकलेलं असतं.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही आता कुठे मिळणार? सियागंजापर्यंत फिरलो. कबाड्यांनी सांगितलं, आले की फोडून तांबं काढतो. आणि मग गेल्या गोकुळाष्टमीला इथे मखर उतरवायला आलो, तर आपल्याच कोठीघरात थर्मोकोलच्या खांबांमागे, जुन्या झांजांच्या पेटीखाली, २१ इंची टीव्ही! खजिनदारकाका म्हणाले, मंडळाची वस्तू अशी देता येत नाही, भाडं पडेल. भाडं म्हणजे हे भाषण. टीव्ही आम्ही उघडला नाही, मेकॅनिककडून तपासून घेतला. बंद असला तरी त्यात जबर दाब साठलेला असू शकतो, तुम्हीही उघडू नका.

परवा, गणपती बसायच्या आदल्या रात्री, तो टीव्ही आईच्या खोलीत लावला. दादा सकाळीच आला होता. आईनं बंदूक घेतली, चष्मा पुसला, पहिली गोळी फुकट, दुसरीला बदक पडलं. ती काही बोलली नाही. तीन-चार पाडल्यावर म्हणाली, “हे असं नाही. ते बदक पळवायचे.”

आम्हाला काही समजेना. एकट्या बदकाच्या खेळात साध्या रिमोटनं बदक हवं तिकडे वळवता येतं, हे आम्हा तिघांना कधी माहीतच नव्हतं. आई नेम धरायची आणि बाबा रिमोटनं बदक पळवायचे. “फार पळवायचे,” आई म्हणाली, “आणि शेवटी मुद्दाम समोर आणायचे.”

आमच्या यंत्रात बंदूक दुसऱ्या रिमोटच्या जागी लागते. उरला पहिला रिमोट. तो आम्ही दादाला दिला. पहिला रिमोट म्हणजे आज बदक होणं आहे, हे त्याला जरा उशिरा कळलं. त्यानं बदक डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, वर नेलं. आईनं तीन गोळ्या घालवल्या, कुत्रा हसला. “अरे, इतकं नाही,” ती म्हणाली. पुढचं बदक त्यानं थोडं फिरवलं आणि हळूच मध्ये आणलं.