व्यापारातील विश्वस्तभाव : इस्लामी अर्थनीतीचा एक पैलू



श्रावकाने कोणते धंदे करू नयेत हे सांगणारी पंधरा कर्मादाने जैन आचारग्रंथांत आली आहेत. वनकर्म, विषवाणिज्य, तळी-सरोवरे आटविणे ही त्यांतलीच. व्यापाराला अशी मर्यादा इस्लामनेही घातली आहे. तेथे मनुष्य सृष्टीचा स्वामी नव्हे, 'खलीफा' म्हणजे ईश्वराने नेमलेला विश्वस्त होय. धन ही अमानत. 'मीझान', म्हणजे सृष्टीचा समतोल, बिघडवू नये. 'इस्राफ', म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध. व्याज, मद्य, जुगार वर्ज्य. मापात कमी देणे तर महापाप. (कापड मोजून देणाऱ्यास हे शेवटचे कलम समजावून सांगावे लागत नाही.)

ही तत्त्वे कंपन्यांना लावण्यासाठी डाऊ जोन्सने १९९९ मध्ये इस्लामी निर्देशांक सुरू केला. मुंबई शेअर बाजारातही २०१० मध्ये शरिया निर्देशांक आला. अशा निर्देशांकांची रीत साधारण अशी : प्रथम मद्य, जुगार, व्याजी बँका यांसारखे व्यवसाय वगळायचे, मग ताळेबंद तपासायचा. डाऊ जोन्सच्या कसोटीत कंपनीचे कर्ज तिच्या सरासरी बाजारमूल्याच्या ३३ टक्क्यांहून कमी असावे लागते. लाभांशात मिसळलेला अल्पसा निषिद्ध अंश गुंतवणूकदाराने बाजूला काढून दान करावा, यास शुद्धीकरण म्हणतात.

मात्र खरी गोम येथेच आहे. या चाळणीला कर्ज दिसते, धूर दिसत नाही. सौदी अरामको ही खनिज तेलाची बलाढ्य कंपनी डिसेंबर २०१९ मध्ये रियाधच्या बाजारात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये तिने ६ अब्ज डॉलरचे सुकूक, म्हणजे शरियासंमत रोखे, विकले. नियमाचे अक्षर पाळले गेले; मीझानचे काय, असा प्रश्न खुद्द मुस्लिम अभ्यासकच विचारतात, आणि तो रास्त आहे.

मलेशियाने यावर वाट काढली. २०१७ मध्ये सबाह राज्यातील सौरऊर्जा प्रकल्पासाठी तादाउ एनर्जीने २५ कोटी रिंगिटचे, जगातील पहिले मानले गेलेले, हरित सुकूक काढले. सुकूकला मालमत्तेचा वा प्रकल्पाचा आधार लागतो. हरित सुकूकमध्ये पैसा कोठे गेला याचा हिशेबही द्यावा लागतो. २०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारने १.२५ अब्ज डॉलर याच मार्गाने उभे केले. त्याच वर्षी मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने इस्लामी बँकांपुढे धोरण ठेवले की, निषिद्ध टाळणे एवढ्यावर न थांबता, अर्थसाहाय्याचा समाजावर व पर्यावरणावर काय परिणाम होतो तेही पाहावे.

कर्मादानांची यादी मुखोद्गत असलेल्या समाजानेही हा धडा तपासून पाहण्यासारखा आहे. रंगप्रक्रिया कारखान्याचे समभाग घेताना नफा-तोटा पाहिला जातो. त्याच्या सांडपाण्याने मेलेली नदी 'तळी आटविणे' या कलमाखाली धरायची की विषवाणिज्याखाली, हा विषय ट्रस्टच्या येत्या व्याख्यानमालेत विद्वान मुनिराजांपुढे ठेवता येईल.