विहिरीतल्या दगडाचा पत्ता

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडच्या बाजूला निघालात की शेताशेतांत विहिरींच्या खोदाईचे ढीग दिसतात. मुरूम, काळा पाषाण, मध्येच पांढऱ्या गारगोट्या. आमच्या मामांची विहीर खोदत होते तेव्हा असाच एक काळा दगड मी कॉलेजात भूशास्त्राच्या सरांना नेऊन दाखवला. सरांनी विचारले, ‘हा जागेवर होता तेव्हा याची उत्तरेची बाजू कोणती?’ मला सांगता येईना. ‘मग याची साक्ष गेली,’ सर म्हणाले.

कसली साक्ष, ते पुढे कळले. आपला पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. तो निवताना त्यातल्या लोहखनिजाच्या बारीक कणांत त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा कायमची उमटली. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी जास्त कलते. म्हणून कल मोजला की खडक तेव्हा कोणत्या अक्षांशावर होता, ते काढता येते.

दख्खनच्या पाषाणाची ही मोजणी क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झाले. पुष्कळ थरांत उत्तर टोक चक्क दक्षिणेकडे, आणि खाली झुकलेले! दक्षिणेकडे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. पण ध्रुव उलटे असताना हे टोक खाली झुकते ते दक्षिण गोलार्धातच. हिशेब जातो विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर. दौंड आज उत्तरेला साडेअठरा अंशांवर आहे. म्हणजे ५ हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास, वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर. वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले, तेव्हा कित्येकांनी ते हसण्यावारी नेले होते.

पण दगड जागचा हलला की दिशा हरवते. सुरुंगाने उडालेला, खडीसाठी फोडलेला दगड या कामाला निरुपयोगी. म्हणून नमुना काढण्याआधीच त्यावर दिशेची खूण करतात. त्यातही पाषाण स्वतःच चुंबकीय, होकायंत्राला फसवतो. मग सूर्याच्या सावलीवरून दिशा ताडून पाहायची.

हे सारे मी मामांना सांगितले होते. त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आणखी खोल न्यायची ठरली, तेव्हा त्यांचा निरोप आला : ‘कपारीवर चुन्याने उत्तरेचा बाण काढून ठेवलाय. उद्या सुरुंग आहे. आजच ये.’