बाळाची नजर



पाळण्यातल्या बाळाचा एक डोळा नाकाकडे वळलेला दिसला, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "तिरळं बाळ भाग्याचं असतं." आणखी कुणी म्हणतं, "चिमणाळं फार जवळ टांगलंत, म्हणून झालं. मोठं झालं की जाईल." हे ऐकत दोन-तीन वर्षं थांबलेल्या कितीतरी आया मी डोळ्यांची डॉक्टर म्हणून पाहिल्या आहेत. दोष त्यांचा नाही. पण नजर घडण्याची वर्षं तीच असतात.

पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात. त्याची चिंता नको. चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, किंवा आधीपासूनच कायम वळलेला असेल, तर मात्र दाखवायलाच हवं. काही बाळांच्या नाकाचं हाड बसकं असतं, त्यामुळे ती नुसती तिरळी भासतात. तो आभास आहे की खरा तिरळेपणा, हेही तपासूनच ठरवू द्या.

तान्ह्या बाळाचा डोळा आखूड असतो. म्हणून बहुतेक बाळांना थोडा प्लस नंबर असतोच आणि डोळा वाढेल तसा तो उतरतो. काहींचा मात्र चार-पाच, कधी त्याहूनही जास्त असतो. मग स्पष्ट दिसावं म्हणून बाळ डोळ्यातल्या भिंगाला सतत जोर लावतं. जवळचं पाहताना आपणही तोच जोर लावतो आणि त्याबरोबर आपले डोळे आत वळतात. या बाळाला लांबचं पाहतानाही जोर लावावा लागतो, म्हणून डोळा नाकाकडे ओढला जातो. नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी हे नातं १८६४ सालीच मांडलं होतं. अशा बाळाचा उपाय चष्मा. डोळ्यांत औषध घालून, प्रकाश टाकून नंबर काढता येतो. बाळाला अक्षरं वाचावी लागत नाहीत. चष्मा घातला की डोळा सरळ, काढला की पुन्हा तिरळा. हे पाहून आई घाबरते, "चष्म्याची सवय लागली का हो?" नाही ताई, चष्मा काम करतोय त्याची ती खूण आहे. मुलगी असली की घरून विरोध जास्त होतो, हे मला फार लागतं.

सगळ्यांचा तिरळेपणा चष्म्याने जात नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते. पण वाट पाहत राहिलं, तर वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू बाजूला टाकू लागतो आणि तो डोळा आळशी होतो. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर हे अवघड होत जातं. कधी एकाच डोळ्याला मोठा नंबर असतो, डोळे सरळच दिसतात आणि घरी कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून अंगणवाडीतली तपासणी चुकवू नका. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ती होते, त्याची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली.

शेवटी एक विनंती. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत किंवा फोटोत पांढरी चमक दिसली, तर काजळ, घरगुती थेंब काही घालू नका. डोळ्याच्या आत गाठ असू शकते आणि तिथे प्रश्न बाळाच्या जिवाचा असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.