स्वस्त विकावं, पण कशाच्या जिवावर?

जत्रेत स्टॉल लावायचा म्हटलं, की ‘सेलची पाटी लावू या का?’ हा प्रश्न गटात निघतोच. आपल्या राहूतही निघतो. म्हणून आज दोन दुकानांची गोष्ट.

‘सुभिक्षा’ ही स्वस्त किराणा दुकानं १९९७ साली चेन्नईत सुरू झाली. पुढं ती महाराष्ट्रातही आली. देशभरात सोळाशेच्या आसपास दुकानं झाली, पण पसारा कर्जावर वाढलेला. रोकड संपली, पगार थकले, माल येईना. २००९ मध्ये दुकानांना कुलपं लागली.

डीमार्टही स्वस्तच विकतं. पहिलं दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघालं. त्यांनी दुकानं सावकाश वाढवली. बऱ्याच जागा स्वतःच्या, म्हणून भाडं वाचलं. व्यापाऱ्यांचे पैसे लवकर चुकते केले, म्हणून माल स्वस्त मिळाला. त्यांची सूट बचतीतून आली.

आता आपली कापडी बाहुली घ्या. समजा कापड-कापूस ७० रुपये, शिवणारीची मजुरी ४०, स्टॉल-गाडीभाडं १०. झाले १२०. दीडशेला विकली तर ३० उरले. पण ‘दोनवर एक मोफत’ दिली, तर तीन बाहुल्यांचे आले ३०० आणि खर्च ३६०. गर्दी झाली, गल्ला भरला, अन् ६० रुपये गेले! बँकेचा हप्ता तर थांबत नाही. मग ते ६० जातात शिवणारीच्या मजुरीतून.

सूट जरूर द्या, पण त्या ३० रुपयांच्या आत. कापड सगळ्या गटांनी मिळून घाऊक आणा, म्हणजे सूट द्यायला जागा होईल. पाटी रंगवण्याआधी हिशोबाची वही उघडा.