पंप घेण्याआधी



बाळंतपणाची रजा संपत आली की आमच्या केंद्रात बायका विचारतात, "ताई, दूध काढायचा पंप कोणता घेऊ?" मी उलट विचारते, कामावर तुला किती मिनिटं मोकळी मिळतात? बसायला जागा कुठे आहे? पंप त्यावर ठरतो.

हाताने दूध काढणं प्रत्येकीने आधी शिकावं. त्याला पैसे लागत नाहीत, वीज लागत नाही. दिवसातून एखाद्या वेळीच काढायचं असेल तर हाताने दाबायचा पंप पुरतो. आठ तासांच्या नोकरीत दोन-तीनदा काढायचं, तर दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा विजेचा पंप वेळ वाचवतो. तो महाग असतो. रबरी फुग्याचा पंप घेऊ नका. फुग्यात दूध शिरतं आणि तो आतून नीट धुता येत नाही. पंप लावल्यावर दुखत असेल तर फनेलचं माप तपासा, सोसू नका.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. आपल्या उन्हाळ्यात बर्फ घातलेला डबा हवाच. घरी बाळाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा.

पण चांगला पंप घेऊनही एक शिक्षिका शाळेच्या शौचालयात उभ्याने दूध काढते आणि तिथेच ओतून देते. ते बाळाला कसं पाजणार? हा दोष पंपाचा नाही.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आहे. दूध काढणं हेही पाजणंच, असं आपण मालकाला ठणकावून सांगायला हवं. "पंप आहे ना, मग पाळणाघर कशाला?" हे मात्र ऐकून घ्यायचं नाही.

चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ना सुट्टी, ना खोली, ना पंपाचे पैसे. म्हणून पंप एकेकीने घ्यावा, पण वेळ आणि जागा सगळ्यांसाठी मिळून मागू या.